बावीस पावलं

“हलू नकोस, बाई. डावा पाय आहे तिथंच राहू दे.”

पस्तीस वर्षं झाली या आवाजाला. बाजरीची भाकरी मोडताना होतो तसा कोरडा, हलका आवाज. मी डावा पाय होता तिथंच ठेवला. बोटापासून वीतभर अंतरावर वाळू होती, नुसती वाळू. मग त्या वाळूला दोन डोळे फुटले.

आमच्या आटपाडीकडं त्याला फुरसं म्हणतात, तिकडं राजस्थानात बांडी. खंगारबाबांनी काठीच्या टोकावर ते वेटोळं अलगद उचललं आणि फोगाच्या झुडपाखाली नेऊन सोडलं.

“उन्हाला भिऊन वाळूचा पदर घेतलाय डोक्यावरून,” ते म्हणाले, “नव्या सुनेसारखा. तू पाय दिला असतास आणि बोल तिला लागला असता.”

“तुम्हांला कशी दिसली ती?”

“ती कुठं दिसली? ती आलेली दिसली. गेलेली दिसली नाही.”

माझा तो पहिला धडा. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. प्राणिशास्त्र शिकून थरच्या वाळवंटात एका पाहणीच्या कामावर आले होते. जैसलमेरच्या पश्चिमेला फोगली नावाची ढाणी, म्हणजे वीस-बावीस गोल झोपड्यांची वस्ती, तिथं मुक्काम. कोणता प्राणी कुठं वितो, पाण्यावाचून कसा तगतो, हे लिहून काढायचं. पण वाळवंटातला प्राणी दिवसा दिसतच नाही. तो बिळात, मुळात, सावलीच्या पोटात दडून असतो. दिसतं ते त्याचं पाऊल. आणि पाऊल वाचायचं तर खंगारबाबांकडं जावं लागे.

ते पागी होते. त्यांचा बाप पागी, आजा पागी. उंट चोरीला गेला, पोर हरवलं, की त्यांना बोलावणं यायचं. वाळूवर बसून ते सांगायचे: इथून गेला तो लंगडतो, त्याच्या डाव्या खांद्यावर ओझं आहे, आणि तो पहाटेच्या दवाआधी गेलाय. गाव ते मानायचं. चाळीस वर्षं त्यांच्या शब्दावर भांडणं मिटली होती. या मानण्याला तिकडं ‘साख’ म्हणत. पागी हयातीत एकालाच शिकवून गावापुढं उभा करतो आणि म्हणतो, आता याचं बोलणं ते माझं बोलणं. बाबांचे दोन्ही मुलगे अहमदाबादेला फरश्या घासायला गेले होते. आणि बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

“या आखातीजेला मी साख देणार,” त्यांनी माघातच सांगून टाकलं होतं. आखातीज म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. त्या सकाळी सगळी ढाणी खेजडीच्या झाडाखाली जमते.

“कुणाला देणार?” लोक हसायचे. “शेळीला?”

“जिचे डोळे चालतात तिला.”

दोन वर्षं मी त्यांच्यामागं चालत होते. पायांच्या भेगांत वाळू शिवली गेली होती. बाबा ‘तिला’ म्हणाले तेव्हा ती मीच, यात मला शंका नव्हती.

फाल्गुनात त्याच पाहणीच्या कामावर अनघा आली.

पुण्याची, तेवीस वर्षांची. रुंद काठाची टोपी, कॅनव्हासचे बूट, त्यांच्या तळव्याला चौकटी-चौकटींची नक्षी. जीपमधून उतरल्या उतरल्या तिनं मला मिठी मारली. “शालनताई, तुझे अहवाल मी पाठ केलेत! मला सगळं शिकव हं.” मी हसले. बरी वाटली पोरगी, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी बाबा आम्हांला घेऊन निघाले. सेवण गवताच्या पट्ट्यात उंटांच्या पावलांचा गुंता होता. बाबा उकिडवे बसले.

“बाई, सांग.”

“पाच उंट. काल संध्याकाळी गेले. पावलांवरून भुंग्याच्या पायांची शिवण गेलीय, भुंगा रात्रीच हिंडतो.”

“बरोबर.” एवढंच. मग ते अनघाकडं वळले. “आणि तू? तुला काय दिसतं?”

“मला काय कळणार, बाबा!” ती गुडघे टेकून वाकली. “पण... ही एक मागचे पाय फाकवून चालतेय का? पोट जड असल्यासारखी?”

बाबांनी ते पाऊल बोटानं चाचपलं. मग त्यांना हसू आलं. पोटातून आलेलं, डोळ्यांच्या कडांना पाणी आणणारं. “गाभण आहे ती. मेघजीची सांडणी. अगं चिडकली, हे तुला कुणी सांगितलं?”

चिडकली म्हणजे चिमणी. मी दोन वर्षं ‘बाई’ होते. ती तीन दिवसांत चिडकली झाली.

त्या दिवसापासून माझं काय झालं ते सांगायला मला आईची ओवी उसनी घ्यावी लागते. आई जात्यावर म्हणायची:

कुसळ रुतलं गऽ, लुगड्याच्या काठाला
बोच त्याची कळे, माझ्या एकल्या बोटाला

तिकडं भुरट नावाचं गवत आहे. त्याची कुसळं कपड्यांना इतकी चिकटतात की माणसं गळ्यात चिमटा अडकवूनच हिंडतात. मनातल्या कुसळाला तसा चिमटा नसतो. बाबांची बायको धापूमा ताटात केर-सांगरीची भाजी वाढायची, तर माझे डोळे अनघाच्या ताटात. तिला ताकाचा पेला काठोकाठ, मला दोन बोटं कमी. बाबा चालताना तिच्या खांद्यावर हात ठेवायचे, कारण त्यांना चढ नीट दिसत नसे. तो खांदा माझा होता. आणि सगळ्यांत बोचायचं ते हे, की पोरगी गुणी होती. रात्री झोपताना म्हणायची, “ताई, बाबा सारखे तुझंच उदाहरण देतात. मला ना, थोडा हेवा वाटतो तुझा.” मी कूस बदलायची.

वैशाख लागला. त्या वर्षी वारा रुसला होता. एरवी दुपारी टेकड्यांच्या माथ्यावरून वाळूचा धूर निघतो. तेव्हा मात्र आठ-आठ दिवसांची पावलं जशीच्या तशी राहत. खेजडीचं पानसुद्धा हलत नव्हतं. आखातीजेला चार दिवस होते. भर दुपारी अनघा धावत अंगणात आली, लाल-लाल होऊन.

“बाबा! मांजर! रानमांजर, तीन पिल्लं! दोन कोसांवर, त्या दोन टेकड्यांच्या पलीकडं, जुन्या जाळीच्या मुळात!”

आम्ही ते मांजर वर्षभर शोधत होतो. मी वर्षभर शोधत होते. नखं आत ओढून चालणारं, पाऊल सांडून न ठेवणारं.

“तू पाहिलंस? डोळ्यांनी?” मी विचारलं.

“पिल्लू जांभई देत होतं, ताई!”

बाबांनी हुक्का बाजूला ठेवला. “उद्या मला दुसऱ्या गावी बैठक आहे. परवा सकाळी जाऊ. पण तू बोलायचं नाहीस, चिडकली. तुझ्या बुटाच्या पावलांवरून मी येणार, आणि तुझं पाऊलच मला तिथं नेणार. बघू तुझं पाऊल किती सरळ बोलतं.”

धापूमा माझ्याकडं बघून म्हणाली, “हिचा चेहरा का उतरला? ऊन लागलं काय?”

“लागलं असेल,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबा बैठकीला गेले. अनघा कपडे धुवत होती. ऊन उतरताना मी तिच्या पावलांवरून निघाले. चौकटींची नक्षी इतकी स्वच्छ, की शाळेतलं पोरही वाचेल. दोन टेकड्यांच्या मधल्या घळीत मी थांबले. तिथं तिची चार दिवसांपूर्वीची पावलं मांजराकडच्या पावलांना छेदून पश्चिमेला गेली होती. मला ती दिसली. त्यांचं वयही मला कळलं, कडा ढासळलेल्या होत्या. मी त्यांचा विचार केला नाही.

मी फोगाची फांदी तोडली. मागं मागं सरकत तिची पावलं पुसत गेले, आणि त्याच फांदीनं माझीही. मग मुठीमुठीनं वाळू उधळली, वारा उधळतो तशी, एकाच बाजूनं. दोन वर्षांची विद्या सगळी त्यात ओतली. मला एवढंच हवं होतं, की उद्या बाबा त्या घळीत थांबावेत आणि म्हणावेत, “चिडकली, कुठं गं तुझं मांजर?” आणि तिला तोंड नसावं. मग मी त्यांना पुढं नेलं असतं. एवढंच.

पुसलेली पावलं मी मोजली. पागी मोजतोच. बावीस.

सकाळी उठले तर अनघाची खाट रिकामी.

“पहाटेच गेली,” धापूमा ताक घुसळत म्हणाली. “म्हणाली, बाबा यायच्या आधी पिल्लं जागेवर आहेत का बघून येते. पाण्याची बाटली घेऊन गेलीय. तू झोपली होतीस, उठवलं नाही.”

माझ्या हातातला लोटा कलंडला. वाळूनं पाणी पिऊन टाकलं, डागसुद्धा ठेवला नाही.

आठ वाजले. नऊ वाजले. बाबा काठी गुडघ्यांत धरून बसले होते. दहाला त्यांनी मेघजीच्या घरी निरोप धाडला. मेघजी म्हणजे ढाणीतला सगळ्यांत मोठा उंटवाला. दहा वर्षांपूर्वी बाबांनीच त्याच्या भावाचं पाऊल चोरीच्या उंटामागं ओळखलं होतं. तेव्हापासून तो बाबांशी सणावारीच बोलायचा. तरी आला, तीन उंट आणि दोन माणसं घेऊन.

“शहरातली पोर, वैशाखाचं ऊन,” तो जीन आवळत म्हणाला. “चार वाजेपर्यंत मिळाली तर मिळाली, खंगारजी.”

बाबांनी काठी उचलली.

घळीपर्यंत आम्ही झपाझप आलो. मग पाऊल संपलं. पुढची वाळू साफ होती, आणि तिची आजची पावलं बाजूच्या कातळावर चढून हरवली होती. उंटावरची माणसं इकडंतिकडं बघू लागली. बाबा खाली उतरले.

“बाई, माझ्या डोळ्यांपुढं धूर आहे. इथं काय दिसतं?”

“काही... काही नाही. साफ आहे.”

ते गुडघ्यांवर बसले. तळहात वाळूवर ठेवला, तान्ह्या लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा. हात हळूहळू सेवणाच्या एका थोंबापर्यंत गेला आणि तिथं थांबला. वारा असला की सेवणाची वाकलेली पाती हलतात आणि टोकानं वाळूवर गोल कंस काढतात. इथं वाळू वाऱ्यानं उधळल्यासारखी होती आणि गवताभोवती एकही कंस नव्हता. ते मी विसरले होते. त्यांची बोटं त्या थोंबाभोवती एकदा फिरली, पुन्हा फिरली.

“काय झालं?” मेघजीनं वरून विचारलं.

“वाऱ्यानं पुसलंय,” बाबा म्हणाले.

मेघजीनं वर बघितलं. आभाळ तापल्या तव्यासारखं, निपचित.

बाबा माझ्याजवळ आले. इतके जवळ, की त्यांच्या मिशांतला तंबाखूचा वास आला. हळू आवाजात म्हणाले, “किती?”

मी उंटाच्या दोरीला हात घातला.

“बाई, पोर उन्हात आहे. किती?”

“बावीस,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. पावलं टाकत निघाले, मोजत, आणि बाविसाव्याला काठी रोवली. “इथून बघ.”

मी बघितलं. कातळावरून ती तिथंच उतरली होती, आणि तिथं तिचा आजचा गोंधळ उमटला होता. ती गोल गोल फिरली होती, बसली होती, उठली होती. मग तिला आपलीच पावलं सापडली होती, ती पश्चिमेकडची, पाच दिवसांपूर्वीची. पावलाचं वय ओळखायला ती अजून शिकली नव्हती. मोठ्या भरवशानं ती त्यांच्यावरून गेली होती. जुन्या नक्षीवर नवी नक्षी.

त्यानंतर मीच पुढं धावले. बाबांना उंटावर बसवलं आणि मी खाली, नाक वाळूला लावून. एका ठिकाणी टोपी काढून ठेवल्याची गोल खूण. एका ठिकाणी ती घसरत खाली आलेली. बाराच्या सुमारास पावलांच्या टाचा ओढल्या जाऊ लागल्या. पुढं बाटली सापडली, कोरडी. माझ्या पायांना फोड आले ते मला रात्री कळलं. एक उजाड माळ लागला, दगडगोट्यांचा, तिथं पाऊल उमटत नाही. मेघजी म्हणाला, “संपलं.” मी म्हणाले, “संपलं नाही.” उलटलेला एक गोटा दिसला, खालची फिकी, मातकट बाजू वर आलेला. मग दुसरा.

साडेतीनला ती सापडली. पिलूच्या एका जुन्या झाडात, फांद्यांच्या अगदी आत, मेंढी शिरते तशी शिरून बसली होती. जमिनीला टेकलेल्या त्या फांद्यांखाली सावली दाट असते. झाड फळांनी लगडलेलं होतं, तांबडी, इवलीशी, रसाळ. तिनं हाताला येतील तेवढी खाल्ली होती. ओठ फुटलेले, हनुवटी तांबडी. मला आधी ते रक्तच वाटलं.

मी फडकं भिजवून तिच्या तोंडावर पिळलं. तिनं डोळे उघडले.

“ताई,” ती म्हणाली. आवाज नव्हताच, नुसती हवा. “मला माहीत होतं, तूच शोधशील.”

मेघजीच्या माणसानं तोंड फिरवून डोळे पुसले. बाबा आपल्या उंटाच्या मानेवर हात फिरवत उभे होते. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

अनघा दीड दिवस पडून होती. धापूमा तिला चमच्यानं ताक पाजायची. मी दाराशी बसलेली.

“आत ये की,” धापूमा म्हणाली. “तुला काय झालंय? म्हातारा पण कालपासून धड बोलत नाही. पोर परत आली, आता कसला घोर?”

“बाबांचा जीव आहे तिच्यावर,” मी म्हणाले.

“असणारच. चिडकलीच ती, चार दाणे टिपून उडून जाणारी. लेकी सासरी जातात, त्यांना आम्ही चिडकली म्हणतो. तिची बदली आलीय ना पावसाळ्याला? तुझं तसं नाही.” तिनं चमचा पुसला. “तुझं घरातलं माणूस. घरातल्या माणसाला कोण लाडानं हाक मारतं?”

मी तिथून उठले. कुठं जावं कळेना, म्हणून शेळ्यांना पाला तोडत बसले.

आखातीजेच्या सकाळी खेजडीखाली सगळी ढाणी जमली. बाजरीचा खीच रटरटत होता. पाऊसपाण्याचे शकुन बघून झाले, पोरांना गूळ वाटून झाला. अनघा धापूमाच्या मांडीला टेकून बसली होती, ओठांना तूप लावलेलं. बाबा उठले. फेटा नवा होता.

“आज मला साख द्यायचीय,” ते म्हणाले. “माझे डोळे गेले, हे तुम्ही बघताय. पोर हरवली त्या दिवशी मी आंधळाच होतो. पाऊल तुटलं तिथं या बाईनं मला बावीस पावलं दिली. ती दिली म्हणून पोर मिळाली. ही बाई आपली नाही, पण हिचे डोळे आपले आहेत. हिला विचारून घ्या, मग मी माझा शब्द देतो.”

अनघानं टाळ्या वाजवल्या. दोन-चार बायका हसल्या. बाबा माझ्याकडं तोंड करून उभे राहिले.

मेघजी उठला. “विचारून घ्या म्हणता, तर विचारतो. खंगारजी, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, वाऱ्यानं पुसलं. आठ दिवस पान हललं नव्हतं. वारा आला कुठून?”

बाबांनी काठी जवळ ओढली.

“आणि वाऱ्यानं पुसलेली पावलं मोजली कशी? बावीस? वीस नाही, पंचवीस नाही?”

“भोवरा आला असेल,” अनघा मधेच म्हणाली. “उठतो ना एखादा, एवढ्याशा जागेत? मी स्वतः बघितलंय, एकदम साफ होतं. बाबा कशाला खोटं बोलतील?”

“तू गप, बेटा. तुझ्यासाठीच चाललंय.” मेघजीचा आवाज चढला नव्हता. उलट उतरला होता. “खंगारजी, चाळीस वर्षं तुम्ही बोललात आणि आम्ही मान खाली घातली. माझ्या भावाला गाव सोडून जावं लागलं ते तुमच्या एका बोलण्यावर. तेव्हा मी म्हणालो, पागी खोटं बोलत नाही, भावा, जा. आज तुम्ही वाऱ्याबद्दल खोटं बोलत असाल, तर त्या दिवशी खरं बोललात हे मी कशावरून धरू?”

खीच खाली लागल्याचा वास आला. कुणी उठलं नाही. सगळी माणसं बाबांकडं बघत होती. त्यांचे दोन्ही हात काठीवर होते. त्यांना बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. त्यांचे ते दुधाळ डोळे माझ्या बाजूला वळलेले होते. ते वाट बघत होते, आणि मला कळलं की घळीतल्या त्या दिवसापासून ते वाटच बघत होते.

अनघा माझ्याकडं बघून हसली, धीर दिल्यासारखी. “सांग ना गं ताई, भोवरा होता म्हणून.”

मी उभी राहिले.

“वारा नव्हता, मेघजी,” मी म्हणाले. “भोवरापण नव्हता. फोगाची फांदी घेऊन ती पावलं मी पुसली. बाबा हिला बघून हसायचे, ते मला सोसवत नव्हतं.”